खाऱ्याचं गोडं: बोटीवरचा वॉटरमेकर आणि त्याची दुखणी

बोटीवरच्या वॉटरमेकरचं, म्हणजे समुद्राचं खारं पाणी पिण्याजोगं करणाऱ्या यंत्राचं, आयुष्य तो किती चालला यावर क्वचितच ठरतं. तो किती दिवस नुसता पडून होता आणि त्या दिवसांत त्याच्या पोटात कुठलं पाणी होतं, यावर ठरतं. रोज तास-दोन तास चालणाऱ्या यंत्रातलं मेम्ब्रेन, म्हणजे मीठ अडवणारा पडदा, पाच-सात वर्षं सहज काढतं. मोसमात चार वेळा चालून उरलेलं वर्ष धक्क्याला बांधलेल्या बोटीवर तेच मेम्ब्रेन दुसऱ्या वर्षी मचूळ पाणी देऊ लागतं, आणि मालक म्हणतो, ‘अहो, वापरलंय कुठे फारसं!’ दुखणं नेमकं तेच असतं.

घरच्या आरओत आणि यात तत्त्व एकच, फरक दाबाचा. बोअरच्या पाण्यात क्षार पाचशे-हजार पीपीएम (लिटरला साधारण तेवढेच मिलिग्रॅम), त्याला पाच-सात बार पुरतात (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, अरबी समुद्रात त्याहून थोडं जास्तच. या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे गोडं पाणी पडद्यातून खाऱ्याकडे ओढणारा दाब, २७ बारच्या आसपास. तेवढाच दाब दिला तर पडद्याच्या दोन्ही बाजूंची नुसती बरोबरी होते, गोडं पाणी थेंबभरही येत नाही. कामापुरतं पाणी यायला ५५ बार लावावे लागतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ५६ किलोंचा भार. चाळीस फुटी शिडाच्या बोटीवर सहसा २५४० मापाचं, म्हणजे अडीच इंच व्यासाचं आणि ४० इंच लांबीचं एक मेम्ब्रेन असतं. निर्मात्याच्या तक्त्यात ते तासाला शंभर लिटरच्या वर देतं असं छापलेलं असतं. पण ते २५ अंशांच्या, नीट गाळलेल्या आणि जरा कमी खाऱ्या पाण्यावर. बोटीवर त्याच्याकडून तासाला ६० लिटर मागावेत आणि गप्प बसावं.

त्या ६० लिटरसाठी ६०० लिटर समुद्र आत ओढावा लागतो. दहा टक्के गोडं होतं, उरलेलं नव्वद टक्के आणखी खारट होऊन परत जातं. ही उधळपट्टी नव्हे. पडद्यावरून पाणी जोराने वाहत राहिलं तरच मीठ तिथे साचत नाही. पण विजेचा हिशेब बघा. एक लिटर गोड्यासाठी दहा लिटर पाणी ५५ बारपर्यंत दाबायचं म्हणजे ५५ किलोज्यूल, सुमारे १५ वॉट-तास. पंप आणि मोटर जे खातात ते वेगळं. तासाला ६० लिटर हवे असतील तर हजार वॉटच्या वर जातं, १२ व्होल्टच्या बॅटरीवर शंभर अँपिअरच्या घरात. म्हणून असे पंप जनरेटरवर किंवा इंजिनाच्या बेल्टवर चालवतात. दुसरी जात दाब परत वापरणाऱ्या यंत्रांची. क्लार्क पंप हे त्यातलं नाव झालेलं. बाहेर जाणाऱ्या खाऱ्या पाण्यातला दाब ती आत येणाऱ्या पाण्याला देतात. तिथे लिटरमागे तीन-चार वॉट-तासांत भागतं आणि सौर पॅनेलवर पाणी बनतं. मात्र आतल्या बारीक झडपा वाळूच्या एका कणाने अडकतात, आणि हलत्या बोटीत उघडून बसावं असं ते काम नाही. लांबच्या प्रवासाला, बिघाड आपल्या हाताने काढायचा असेल, तर साधा तीन दट्ट्यांचा प्लंजर पंप बरा. वीज जास्त जाते, पण तो समजतो.

पाण्याची वाट अशी: सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक), जाळीचा स्ट्रेनर, बूस्ट पंप (पाणी पुढे ढकलणारा छोटा पंप), २० आणि ५ मायक्रॉनचे फिल्टर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हाय-प्रेशर पंप, मेम्ब्रेनचं नळकांडं, दाब कमी-जास्त करणारी झडप आणि तिथून बाहेर. यंत्र कुरकुरायला लागलं की सगळ्यांची नजर मेम्ब्रेनवर जाते, कारण महाग तेच. शोध घ्यावा तो हाय-प्रेशर पंपाच्या अलीकडे. स्वस्त वस्तू तिथे असतात, आणि बिघडतात त्याच.

पहिला संशय हवेवर. गेजची सुई ५५ वर न थांबता थरथरते, हाय-प्रेशर होज झटके देतो, पंपाचा एकसुरी आवाज तुटक होतो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात पांढरा फेस दिसतो. हवा येते कुठून? वाऱ्याविरुद्ध जाताना बोट एका कुशीवर कलली की वरच्या बाजूचं पाणी घेणारं तोंड लाटेलाटेला उघडं पडतं; ते असेल तर बाजू बदलली की आपोआप थांबतं. तसं झालं नाही तर सांधे बघायचे. इथे फसगत अशी की हवा ओढणारा सांधा बाहेरून कोरडा ठणठणीत असतो, कारण यंत्र चालू असताना तो आत ओढत असतो, बाहेर टाकत नाही. म्हणून यंत्र बंद करावं, सी-कॉक उघडाच ठेवावा आणि जलरेषेखालच्या प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळून अर्धा तास थांबावं. जिथला कागद ओला, तिथला क्लँप. जलरेषेच्या वरच्या सांध्यांना ही युक्ती लागू नाही. तिथे यंत्र चालू ठेवून दाढीचा फेस बोटभर लावावा. दोषी सांध्याजवळ फेसाला खळगा पडतो. बहुतेक वेळा गुन्हेगार स्ट्रेनरचं झाकण निघतं. साफ करून बंद करताना गास्केटखाली शेवाळाचा एक धागा राहिला तरी पुरतो.

फिल्टरचा आणि हवेचा संबंध पटकन लक्षात येत नाही. बूस्ट पंपाच्या पुढे पाणी दाबाखाली असतं, म्हणजे तिथे हवा शिरू नये. पण फिल्टर तुंबला की बूस्ट पंपाचं पाणी कमी पडतं, हाय-प्रेशर पंप मात्र तेवढंच मागत राहतो, आणि मधल्या भागात निर्वात तयार होतो. मग कालपर्यंत निर्दोष असलेली फिल्टर हौसिंगची ओ-रिंग (रबरी कडं) आज हवा ओढू लागते. म्हणून फिल्टर आणि हाय-प्रेशर पंप यांच्या मध्ये एक लहान गेज असावाच. त्यावर अर्धा ते दीड बार दिसत असेल तर सगळं ठीक. तो शून्याकडे झुकला की फिल्टर बदलायचा, ‘अजून एक तास चालेल’ म्हणायचं नाही. असा उपाशी चालणारा पंप आतल्या आत बुडबुडे फोडतो, आणि सील व झडपांची वाट लागते. पॉलिएस्टरच्या घड्यांचे फिल्टर दोन-चार वेळा धुता येतात: घड्यांच्या लांबीने तिरकी धार मारायची, ब्रश लावायचा नाही, आणि उन्हात पूर्ण सुकवूनच पिशवीत घालायचे. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस बोटाने पुसट लावावं. व्हॅसलिन किंवा इंजिनाचं ग्रीस इथे नको. खनिज तेल मेम्ब्रेनला चालत नाही.

आपल्या किनाऱ्यावर फिल्टर कशाने तुंबतात तेही सांगायला हवं. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे खाड्यांचा गाळ दूरवर येतो. थंडीच्या सुमारास कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात. ते पाहायला लोक गाड्या काढून येतात, पण वॉटरमेकरला ती वाईट बातमी. तो नॉक्टिलुका नावाचा प्लवक आहे, मिलिमीटरच्या आसपासचे जेलीसारखे गोळे. अशा पट्ट्यात नवा फिल्टर तासाभरात बुळबुळीत होऊन बसतो. तिथे यंत्र बंद ठेवून पुढे निघावं. मुंबई बंदरात किंवा मांडवीच्या मुखात, जिथे बार्ज आणि ट्रॉलर यांची ये-जा असते, तिथे तर सी-कॉकला हातच लावू नये. गाळ फिल्टर अडवतो. डिझेलचा तवंग ५ मायक्रॉनच्या कापडातून सरळ पुढे जातो आणि मेम्ब्रेनवर बसतो. किनाऱ्यापासून काही मैल बाहेर, निळ्या पाण्यात, चालत्या बोटीवर पाणी बनवणं हा साधा नियम. नदीच्या मुखाशी आणखी एक सापळा आहे. पाणी कमी खारं असल्यामुळे ४० बारवरच तासाला ६० लिटर येऊ लागतात. कोणी सवयीने ५५ ची खूण गाठली तर पडद्यातून मर्यादेपेक्षा जास्त पाणी रेटलं जातं आणि गाळ त्यावर दाबून बसतो. दाब ठरवताना दोन गोष्टी बघाव्या, ५५ बार किंवा ठरलेला प्रवाह. जे आधी येईल तिथे हात थांबवायचा.

तापमानही असंच फसवतं. पाणी अंशाने गार झालं की उत्पादन साधारण ३ टक्के घटतं. २५ अंशांना ६० लिटर देणारं मेम्ब्रेन १० अंशांच्या पाण्यात ३८-३९ वर येतं, आणि त्यात बिघाड काही नसतो. सुएझमार्गे भारताकडे येणाऱ्या बोटींना तांबड्या समुद्रात दुसरा अनुभव येतो. पाणी कोमट, पण खारटपणा लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास. परासरण दाब वाढतो, पाणी कमी मिळतं. त्याच बोटी अरबी समुद्रात पोचल्या की २९ अंशांच्या पाण्यात उत्पादन वाढतं, पण पीपीएमही थोडं चढतं, कारण उबेत मीठही पडद्यातून सहज सरकतं. म्हणून वहीत रोज चार आकडे लिहावेत: समुद्राचं तापमान, दाब, गोड्या पाण्याचा प्रवाह, पीपीएम. त्याशिवाय पुढची कुठलीही चर्चा हवेतली.

आता मचूळ पाण्याबद्दल. पाणी पडद्यातून जातं ते दाबाने. मीठ जातं ते दोन बाजूंच्या क्षारांतल्या तफावतीने. दाबाशी त्याला फारसं देणंघेणं नाही. दाब कमी असला की पाणी कमी येतं, मीठ मात्र तेवढंच येतं, म्हणून चव बिघडते. ४५ बारवर चालवून ‘मेम्ब्रेन गेलं’ असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात. तेव्हा आधी दाब बघा. मग पेल्यात पाणी घेऊन क्षार मोजणारा खिशातला टीडीएस मीटर बुडवा. यंत्रातली क्षार मोजणारी सुई कधीकधी मळलेली असते आणि विनाकारण घाबरवते. सुरुवातीची काही मिनिटं पाणी खारटच येणार, ते वळवून बाहेर सोडायचं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. चांगलं मेम्ब्रेन २०० ते ३५० देतं.

दाब बरोबर आहे आणि तरी आकडा चढतोय, तर प्रवाहाकडे पाहायचं. प्रवाह हळूहळू घटतोय आणि पीपीएम हळूहळू वाढतंय: पडद्यावर जैविक थर किंवा क्षारांची पुटं बसली आहेत, धुण्याने काही अंशी सुटेल. प्रवाह आणि पीपीएम दोन्ही वाढतायत: पडदा रासायनिक रीतीने जळला आहे, त्यावर औषध नाही. आणि काल २५० होते, आज अचानक १२०० झाले: मेम्ब्रेनला दोष देण्याआधी त्याच्या मधल्या, गोडं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीच्या टोकाची ओ-रिंग बघा. तिच्यावर केसाएवढी चीर असली तरी ५५ बारचं खारं पाणी थेट गोड्यात शिरतं. नुकतंच कोणी नळकांडं उघडून बसवलं असेल तर मेम्ब्रेनच्या बाहेरचं रबरी सील उलटं तर बसलं नाही ना, तेही पाहावं. त्याची ओठासारखी कड पाणी आत येतं त्या बाजूला हवी. उलटं बसलं की पाणी पडद्यातून जाण्याऐवजी बाजूने निसटतं. ते बसवताना ग्लिसरीनचा हात लावावा.

पडदा जळतो तो क्लोरिनने, आणि यामागे थोडा इतिहास आहे. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पहिला कामाचा पडदा बनवला. तो थोडंफार क्लोरिन सोसायचा. सत्तरच्या दशकात जॉन कॅडोट यांचा पॉलिअमाइडचा पातळ थर आला, जास्त पाणी देणारा आणि मीठ जास्त अडवणारा. आज सगळीकडे तोच आहे. त्याची जाडी सुमारे ०.२ मायक्रॉन, आणि क्लोरिन त्याला सोसत नाही, मर्यादा ०.१ पीपीएमच्याही खाली. महापालिकेच्या नळाला सहसा याहून जास्त असतं. धक्क्यावर नळाची नळी लावून यंत्र ‘गोड्या पाण्याने स्वच्छ’ धुणारा माणूस काळजी घेतल्याच्या समाधानात महागाचा पडदा संपवत असतो. टाकीत ब्लीच घालायची सवय असेल तरी तोच धोका. धुण्याच्या पाण्याच्या वाटेवर क्लोरिन काढणारा कार्बनचा फिल्टर हवाच, आणि तो दर सहा महिन्यांनी बदलायला हवा, वापरलेला असो वा नसो. कार्बन संपलाय हे दिसत नाही.

धुणं म्हणजे नेमकं काय, हेही स्पष्ट असावं. पाणी बनवून झालं की दाबाची झडप हळूहळू पूर्ण उघडायची, दोन-तीन मिनिटं बिनदाबाचं पाणी वाहू द्यायचं, मग समुद्राचं पाणी बंद करून यंत्राचंच गोडं पाणी, कार्बनमधून, बूस्ट पंपाने आत सोडायचं. वीस-पंचवीस लिटर लागतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात मीटर बुडवून ते हजार पीपीएमच्या खाली आलं की पुरे. घड्याळावर भरवसा ठेवण्यापेक्षा हे बरं. पोटात समुद्राचं पाणी तसंच राहिलं तर त्यातले जीव मरतात, जिवाणू प्राणवायू संपवतात, मग सल्फेटवर जगणारे जिवाणू माजतात आणि पुढच्या वेळी फिल्टर उघडला की सडक्या अंड्यांचा वास येतो. तेवढ्यावर भागत नाही. साचलेल्या खाऱ्या पाण्यात ३१६ स्टेनलेस स्टीलसुद्धा सांध्यांच्या फटींत आतून पोखरलं जातं, आणि सहा महिन्यांनी हाय-प्रेशर फिटिंगमधून सुईसारखी धार निघते. त्या धारेवर बोट ठेवू नका. ती कातडीत घुसते. थंड समुद्रात धुतलेलं यंत्र आठवडाभर तसंच चालतं. आपल्या उकाड्यात चार-पाच दिवसांनी पुन्हा धुवावं लागतं.

महिनाभर किंवा जास्त बंद राहणार असेल तर यंत्र औषधात ठेवायचं. नेहमीचं औषध सोडियम मेटाबायसल्फाइट, एक टक्का: दहा लिटर क्लोरिनमुक्त पाण्यात १०० ग्रॅम. आंब्याचा पल्प आणि सरबतं टिकवायला वापरतात तो त्याचा पोटॅशियमवाला भाऊ. इथे सोडियमचं, फूड-ग्रेड आणि कोबाल्ट न मिसळलेलं हवं. आधी यंत्र गोड्या पाण्याने धुवायचं, मग बादलीतून ओढून बादलीतच परत सोडत दहा-पंधरा मिनिटं फिरवायचं, दाब अजिबात न देता. वास नाकाला झोंबतो, दम्याच्या माणसाने लांब राहावं आणि केबिनची झाकणं उघडी ठेवावीत. हे द्रावण कायमचं नाही. ते प्राणवायू खातं आणि खाता खाता आम्ल होतं. महिन्याला पीएच कागद बुडवावा. ३ किंवा खाली आलं की नवं भरावं. डब्यातली पावडरसुद्धा दमट हवेत मरते, तेव्हा गेल्या वर्षीचा उघडा पुडा फेकलेला बरा. काही पंपांचे धातू या आम्लाने खराब होतात, आणि तिथे निर्माते फूड-ग्रेड प्रॉपिलिन ग्लायकॉल सांगतात. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट त्याऐवजी चालणार नाही: ते बहुधा इथिलिन ग्लायकॉल असतं, म्हणजे विष. औषधातून बाहेर काढल्यावर पहिल्या तासाचं गोडं पाणी समुद्रात सोडावं.

रासायनिक धुलाई हा शेवटचा उपाय, दर मोसमाचा विधी नव्हे. प्रवाह, त्याच तापमानाला आणि दाबाला, दहा-पंधरा टक्क्यांनी घटला तरच हात घालावा. क्रम महत्त्वाचा: आधी अल्कली, मग आम्ल. अल्कली जैविक थर आणि तेलकटपणा सोडवते; आम्ल, म्हणजे २ टक्के सायट्रिक अ‍ॅसिड, कॅल्शियमची पुटं आणि गंज काढतं. उलट केलं तर आम्ल जैविक थर पडद्यावर आणखी पक्का बसवू शकतं. दोन्ही वेळा पाणी कोमट, ३० ते ३५ अंश, दाब शून्य, अर्धा-पाऊण तास फिरवणं, तासभर भिजवणं आणि मध्ये भरपूर गोडं पाणी.

गोड्या पाण्याच्या वाटेवर बंद होणारी झडप बसवणं ही सर्वात घातक सुधारणा. गोड्या बाजूला उलटा दाब ०.३ बारच्या वर गेला की मेम्ब्रेनच्या गुंडाळलेल्या पानांचे गोंदाने चिकटवलेले सांधे उकलतात. टाकीचा व्हेंट (हवा बाहेर जायची वाट) तुंबणं, नळी चिमटणं, दोन टाक्यांमधला कॉक दोन्हीकडून बंद होणं, सगळ्यांचा परिणाम तोच. वळवायला तीन तोंडांची झडप वापरावी, जिचं एक तोंड नेहमी उघडंच असतं. पाणी एका वेळी एकाच टाकीत सोडावं, म्हणजे एखाद्या रात्री ओ-रिंग गेली तर दुसऱ्या टाकीतलं तरी चांगलं राहतं.

हाय-प्रेशर पंपाचं तेल पहिल्या ५० तासांनी आणि मग दर ५०० तासांनी बदलायचं. तेल दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय, वाट पाहू नये. सामानात पंपाच्या सील आणि झडपांचा एक संच, बूस्ट पंपाचं डायफ्रॅम, सगळ्या मापांच्या ओ-रिंग दुहेरी, डझनभर फिल्टर, दोन कार्बन, एक सीलबंद मेटाबायसल्फाइटचा डबा आणि हाय-प्रेशर होजचा एक तुकडा फिटिंगसकट असावा. जादा मेम्ब्रेन घेणं बहुतेकांना परवडत नाही, आणि ते पडून राहिलं तर जपावंही लागतं. त्यापेक्षा ते पैसे जादा पाण्याच्या कॅनमध्ये घालावेत. लांबच्या पल्ल्याला निघणारे लाइफराफ्टच्या (जीव वाचवायच्या तराफ्याच्या) पिशवीत हाताने चालवायचा छोटा पंप ठेवतात. कॅटाडिनच्या सर्व्हायव्हर-०६ मधून तासभर हात मारला की साधारण ०.९ लिटर पाणी निघतं. सरावासाठी तो एकदा चालवून पाहिला तर परत पिशवीत टाकण्याआधी त्यालाही धुऊन औषध भरायला लागतं.